पूजेतून वगळलेली झेन

आमच्या गावाकडच्या घरी दोन जुन्या गाड्या आहेत आणि पत्र्याचं शेड एकच आहे. एक गाडी अण्णांची, म्हणजे आमच्या वडिलांची, अँबॅसिडर. दुसरी माझ्या वहिनीची झेन.

गेल्या नवरात्राच्या तोंडावर भाच्याचा फोन आला. "आत्या, अँबॅसिडर रिस्टोअर करून आणलीय. बघितलीस तर वेडी होशील. दसऱ्याला ये."

मी साताऱ्यात एकटी राहते, कॉलेजातल्या नोकरीतून निवृत्त झाले आहे, आणि वेडं व्हायला मला फारसं कारण लागत नाही. मी विचारलं, "ठेवलीस कुठं?"

"शेडमध्ये. नवीन रंगाय, उन्हात कशी ठेवायची?"

"आणि झेन?"

"तिचं काय आता. पासिंगची मुदत संपत आलीय. दसरा झाला की भंगारवाला येतोय."

"वहिनीला विचारलंस?"

"आईला ड्रायव्हर देतोय की. कुठं जायचं असलं तर नुसतं सांगायचं."

हे 'नुसतं सांगायचं' माझ्या ओळखीचं आहे. आमच्या घरातल्या बायकांनी ते अँबॅसिडरच्या साऱ्या कारकिर्दीत ऐकलं. गाडी घरचीच आहे, नुसतं सांगायचं. मग सांगायचं. मग गाडी कुठे गेलीय ते कळायचं.

अण्णांनी गाडीसाठी नंबर लावला तेव्हा मी शाळेत होते, आणि गाडी आली तेव्हा कॉलेजात. पांढरी, मागच्या काचांना निळे पडदे, गियर स्टिअरिंगच्या दांड्याला. दार लावलं की तिजोरी बंद झाल्यासारखा आवाज व्हायचा आणि अण्णा ते दार गरज नसताना दोनदा लावायचे. कृष्णाकाठच्या ऊसवाल्या गावात तेव्हा चारचाकी म्हणजे ट्रॅक्टर. त्यामुळे ही गाडी आली त्या दिवशीच ती आमची राहिली नाही, भावकीची झाली. भावकीतला कुठलाही नवरदेव आमच्या गाडीतून निघाला नाही तर रुसवा. कारखान्यावर कुणी पाहुणा आला तर गाडी. कुणी निवडून आला तर गाडी, पडला तर त्याचं सांत्वन करायला गाडी. अण्णांना त्यात मान वाटायचा. गाडीलाही वाटत असावा; तिची चालच तशी होती, सावकाश, पोट सावरत.

गाडीत बसण्याचा क्रम ठरलेला. पुढे अण्णा आणि ड्रायव्हर. पाहुणा असेल तर तोही पुढेच, तेव्हा पुढे तिघे मावत. मागे खिडक्यांशी पुरुष. मध्ये बायका, मांडीवर पोरं, पोरांवर डबे. फक्त बायकाच असतील तर पडदे ओढलेले. लग्नापासून किती तरी वर्षं वहिनीने औंध ते आमचं गाव हा रस्ता त्या निळ्या पडद्यातूनच पाहिला. ती औंधची. रस्त्यात पुसेसावळी लागते हे तिला एसटीने गेल्यावर कळलं, असं ती हसत सांगते. हसण्यासारखं त्यात काय आहे, ते मला अजून समजलेलं नाही.

एसटीने ती कशी गेली, ते सांगायला हवं. तिचे वडील अंथरुणाला खिळले होते. एके दिवशी सकाळी औंधहून माणूस आला, जास्त आहे, लेकीला पाठवा म्हणाला. गाडी अंगणात नव्हती. ती वाईला होती, भावकीतल्या एका लांबच्या चुलतभावाच्या लग्नाला. तिच्या बॉनेटवर झेंडूची जाळी होती आणि तिच्या आत नवरदेव होता. अण्णा म्हणाले, "वरात झाली की लगेच धाडतील. सांगितलंय." वहिनी दुपारपर्यंत ओट्यावर बसून राहिली. मग उठली, पिशवी घेतली आणि फाट्यावर जाऊन एसटीला उभी राहिली. दोन गाड्या बदलून ती पोचली तेव्हा घरापुढे माणसं जमली होती आणि सगळे तिच्याकडे वळून बघायला लागले. त्यावरूनच तिला समजलं.

अँबॅसिडर दुसऱ्या दिवशी आली, जाळीसकट. गाडीचा यात काही दोष नाही, असं घरात सगळे म्हणाले. तो कुणाचाच नव्हता, असंही ठरलं. आमच्याकडे दोष असेच निकालात निघतात.

पुढे अण्णा गेले, गाडीला पेट्रोल परवडेना, तळाला गंज चढला, ड्रायव्हरच्या पायावर पावसाचं पाणी उडायला लागलं, आणि भावकीने जीपगाड्या घेतल्या. मान कुठे गेला कुणास ठाऊक. अँबॅसिडर मळ्यातल्या गोठ्यामागे उभी राहिली. तिच्या मागच्या सीटवर कोंबड्या बसू लागल्या, म्हणजे जागा पुन्हा बायकांकडेच राहिली.

झेन भाच्याने नवी नोकरी लागल्यावर घेतली होती. अँबॅसिडरच्या मानाने ती गाडी म्हणजे बिस्किटाचा डबा. दारही झाकणासारखं लागतं. तिला पडदे नव्हते. ती मागून कुणी वरातीला नेली नाही, कारण तिच्यातून उतरणारा नवरदेव दारातून आधी गुडघे काढतो आणि मग स्वतः येतो. फोटो चांगला येत नाही. भाच्याने पुढे मोठी उंच गाडी घेतली आणि झेन घरी पडून राहिली. तेव्हा एका उन्हाळ्यात मी वहिनीला म्हटलं, "शिकतेस?"

कारखान्याचा हंगाम संपला होता. उसाच्या बैलगाड्यांचा तळ मोकळा पडला होता. मी साताऱ्यात क्लास लावून शिकले होते; तेवढ्यावर तिथे तिला शिकवलं. तिने खुंट्या पाडल्या, एक पाण्याचा हौद थोडक्यात वाचवला, आणि एकदा मला विचारलं, "वन्सं, ह्यो वरचा आरसा आपल्याच तोंडाचा असतोय का मागच्यांचा?" मी सांगितलं, मागचं दिसण्यासाठी असतो. ती म्हणाली, "मागं आता कोन न्हाई. मग ऱ्हाऊ दे."

पुढची सगळी वर्षं ती गाडी तिने चालवली. सांगलीच्या बाजाराला, दवाखान्याला, बहिणीकडे औंधला. यमाईच्या डोंगरावर तर गाडीच्या जिवाचा विचार न करता. भावकीतल्या बायका तिच्या मागे बसून माहेरी जाऊन यायला लागल्या. नुसतं सांगायचं, हे वाक्य घरातून आपोआप गेलं, कारण सांगायला कुणी लागतच नव्हतं. आबांना, म्हणजे माझ्या थोरल्या भावाला, हे पसंत होतं की नव्हतं ते त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. सगळं गाव त्यांना आबा म्हणतं, तशी मीही म्हणते. गाव जे म्हणतं ते आबाही सहसा म्हणतात.

तर मी नवमीच्या आदल्या दिवशी एसटीने गावी पोचले. फाट्यावरच फ्लेक्स लागला होता. 'राजेशाही अँबॅसिडरमधून भव्य मिरवणूक'. खाली एका मोठ्या साहेबांचा हात जोडलेला फोटो, आणि कोपऱ्यात आमची गाडी, मागे कुठला तरी किल्ला चिकटवलेला. अण्णा शेतकरी होते. ऊस घालून गाडी घेतलेली. त्यांनी किल्ला पाहिला तो सहलीत. पण फ्लेक्सवाल्याच्या दुकानात एकदा गेलं की माणूस राजा होऊनच बाहेर येतो, आणि आता गाड्याही व्हायला लागल्या होत्या.

शेडमध्ये अँबॅसिडर उभी होती. रंग दुधासारखा. आत लाल मखमल. निळे पडदे नव्याने शिवून लावले होते, आणि भाचा ते मला ओढून-सोडून दाखवत होता. "ओरिजिनल लूक, आत्या. आई नऊवारीत मागं बसणार, साहेबांच्या मिसेसबरोबर. हेरिटेज फील येतो."

मी म्हटलं, "डबा पण देणार आहेस का मांडीवर?"

त्याला समजलं नाही. त्याचा यात वाईट हेतू काही नव्हता आणि मला तेच जास्त लागलं. कोंबड्यांची घाण काढून, रंग देऊन, त्याने आमच्या सगळ्या जुन्या अपमानाला मखमल लावली होती आणि त्याला वारसा म्हणत होता. आणि जी गाडी खरोखर काही उपयोगाची होती ती कडब्याच्या गंजीकडे तोंड करून उभी होती.

वहिनी स्वयंपाकघरात भाज्या चिरत होती. दुसऱ्या दिवशीच्याही आदल्या दिवशीच चिरून ठेवायच्या, कारण खंडेनवमीला आमच्या घरात विळीसुद्धा पूजेत असते. घरातलं प्रत्येक हत्यार, अवजार, यंत्र, गाडी त्या दिवशी धुऊन, हार घालून मांडायचं आणि दसऱ्याच्या सकाळची पूजा होईतो जागचं हलवायचं नाही. इतरांच्या घरी हे सैल झालंय. आमच्याकडे नाही, अण्णांनी ते पाळलं, आबांनी पुढे चालवलं.

"भंगारवाल्याला कधी बोलावलंय?" मी विचारलं.

"तेरवा. दसऱ्याच्या दुसऱ्या दिशी."

"मग तू काय म्हणालीस?"

"काय म्हनायचं. ड्रायव्हर देतो म्हनला." तिने गवारीची शेंग मोडली. "मी म्हनलं, औंधला जायचं तर त्याला सकाळी सांगायचं का आदल्या दिशी? तर म्हनतो, आदल्या दिशी सांगितलं तर बरं, कारन दुसरी कामं असतात." मग थोड्या वेळाने, "वन्सं, मरायला टेकल्यालं मानूस आदल्या दिशी सांगतंय व्हय?"

नवमीला सकाळी अंगणात रांग लागली. यंदा अँबॅसिडर मानाची म्हणून भावकीने आपापली वाहनं आमच्याच अंगणात पूजेला आणली होती. पुढे अँबॅसिडर. तिच्यामागे भाच्याची उंच गाडी, ट्रॅक्टर, जीप, पिकअप, मोटारसायकली, अगदी बैलगाडीसुद्धा. कोयते, खुरपी, विळे पाटावर. वहिनीने ताट घेऊन एकेकाला कुंकू लावलं. सगळ्यांना लावून झाल्यावर ती म्हणाली, "एक हार उरलाय. झेनला घालू?"

भाचा फोटो काढत होता. "आई, भंगारात चाललेल्या गाडीला कसली पूजा? राहू दे. फ्रेममध्ये पण येतीय ती मागनं."

तिने हार ताटात परत ठेवला. मी आबांकडे पाहिलं. आबा झेंडू नीट करत होते.

जेवणं झाली आणि भाच्याचा फोन वाजला. बोलता बोलता त्याचा चेहरा उतरत गेला. साहेबांना दसऱ्याला दुसरीकडे मोठा कार्यक्रम लागला होता, म्हणून ते आजच आले होते. म्हणजे येणार नव्हते, आलेच होते. फाट्यावर उभे होते. मिरवणूक अँबॅसिडरमधून आहे हे माहीत असल्यामुळे त्यांनी स्वतःची गाडी पुढे कराडला लावून दिली होती. बँडवाले पोचले होते. ऊन होतं.

भाचा अँबॅसिडरकडे धावला. आबा ओट्यावरून म्हणाले, "कुठं?"

"साहेब आलेत आबा. फाट्यावर हाईत."

"आज न्हाई हलत ती."

"आबा, नारळ फोडून काढू की. देव काय म्हननार न्हाई."

"देव न्हाई म्हननार. मी म्हनतोय."

भाच्याने भावकीतल्या तात्यांकडे पाहिलं. ते वयाने सगळ्यात मोठे, सुपारी चघळत बसले होते. कातरलेली सुपारी होती, अडकित्ता पूजेत होता. तात्या म्हणाले, "पुजल्यालं उचलत न्हाईत गड्या. तुझ्या आज्ज्यानं नवमीला चाकू दिला न्हवता, म्या दातानं पेरू खाल्लाय ह्या अंगनात."

"मग तुमची जीप द्या."

"तीबी पुजलीया. तुझ्याच अंगनात, तुझ्याच गाडीच्या मागं. तूच म्हनला समदे आना."

"पिकअप?"

"पुजलीया."

"बैलगाडी तरी जुपा रं," कुणी तरी मागून म्हणालं.

"बैलं मोकळी हायत," तात्या म्हणाले. "त्यांची पूजा बेंदराला झाली. पन गाडी पुजलीया. सायबाला बैलावर बसवतोस का?"

हसू दाबल्याचे दोन-तीन आवाज आले. भाचा एकदा फोनकडे, एकदा रांगेकडे बघत उभा राहिला. पुन्हा फोन वाजला. तो त्याने उचलला नाही.

वहिनी दारात येऊन उभी होती. हात पदराला पुसत म्हणाली, "एक हाय की बिनपुजल्याली."

अंगणातले सगळे तिच्याकडे वळले, आणि मग कडब्याच्या गंजीकडे.

"आई, झेनमधून? साहेब?"

"भंगारात काढल्याली गाडी. तिला नवमी लागत न्हाई. तूच म्हनलास सकाळी."

तात्या सुपारी चघळायची थांबले. "वैनी म्हनत्यात ते बराबर हाय," ते म्हणाले. "मोकळी हाय ती."

"बरं, चावी दे," भाचा म्हणाला.

"चावी कशाला? चालवनारी हाय न्हवं जित्ती." ती आत गेली, पातळ बदलून आली. नऊवारी नव्हतं. हातात पिशवी होती. आबांच्या पुढे उभी राहून म्हणाली, "सायबास्नी देवळाम्होरं सोडते आन् तशीच औंधला जाते. यमाईची नवमी हाय. इचारत न्हाई, सांगतीया. वन्सं, चला."

आबांनी पाय आवरून तिला वाट दिली.

साहेबांनी पिंपळाच्या सावलीत घाम पुसत झेन येताना पाहिली आणि तिच्या मागे अँबॅसिडर शोधली. मागे फक्त धूळ होती. त्यांना पुढे बसवलं. फेटा छताला लागला, म्हणून काढून मांडीवर घ्यावा लागला. मांडी गुडघ्यांसकट छातीशी आलेली, तेव्हा फेटा हनुवटीखाली राहिला. मागे मी, मिसेस आणि त्यांचे पीए. मिसेसना कुंकवाचा करंडा मांडीवर घेऊन मध्ये बसावं लागलं, आणि पीए खिडकीशी. काही सवयी गाडी बदलली तरी सुटत नाहीत.

"ड्रायव्हर कुठाय?" साहेबांनी विचारलं.

"मीच," वहिनी म्हणाली.

"आणि ती अँबॅसिडर?"

"ती पूजेला बसलीय."

साहेबांनी गंभीरपणे मान हलवली. "वा. परंपरा पाहिजेच."

मिरवणूक निघाली. बँडवाले पुढे, त्यांच्यामागे भाचा, ताठ मानेने, कुणाकडेही न बघता. गावाने गोळा केलेल्या फुलांच्या पाट्या तयार होत्या, आणि गावाला कशावर तरी फुलं टाकायचीच होती. ती झेनवर पडली. वहिनीने काच साफ करायला वायपर लावला तर पाकळ्या त्याच्यासोबत डावी-उजवीकडे फिरायला लागल्या. सकाळी एक हार मिळाला नव्हता या गाडीला. मला त्यात काही काव्य वाटलं नाही, राग आला. माणूस बसला म्हणून फुलं पडली. ती बाई इतकी वर्षं त्याच गाडीत त्याच जागी बसून त्याच रस्त्याने जात होती.

देवळापुढे साहेब आधी गुडघे आणि मग स्वतः असे उतरले. फेटा चढवला. स्टेजवर गेले आणि माइक हातात घेऊन म्हणाले, या गावाने जो ऐतिहासिक अँबॅसिडरचा वारसा जपलाय. मागच्या फ्लेक्सवर ती होतीच. वहिनीने इंजिन बंदच केलं नव्हतं. तिने गियर टाकला, आणि 'वारसा' हा शब्द लाउडस्पीकरवरून आमच्या मागे बराच लांबपर्यंत येत राहिला.

पुसेसावळीच्या अलीकडे तिने काच खाली घेतली. "त्या दिशी मी हितं उभी होते," ती म्हणाली. "गाडी बदलायला. एक अँबॅसिडर गेली म्होरनं. मला वाटलं आपलीच. हात केला मी."

"कुणाची होती?"

"कुनास ठाऊक. पडदं व्हतं."

आम्ही डोंगरावर यमाईला गेलो, रात्री तिच्या बहिणीकडे राहिलो. गाडीबद्दल ती एक शब्द बोलली नाही. मी बोलले, बरंच बोलले, तिच्या बहिणीपुढे. बहीण म्हणाली, "वन्सं, तुमी जेवा."

दसऱ्याला दुपारी आम्ही गावी परत आलो. अंगणातली रांग मोडली होती, सकाळची पूजा होऊन ज्याची-त्याची वाहनं गेली होती. अँबॅसिडर चिंचेखाली उभी होती. तिच्यावर ताडपत्री टाकून चारी बाजूंनी दगड ठेवले होते, ऊस झाकतात तसे. शेड मोकळं होतं. झाडलेलं होतं. आबा ओट्यावर बसले होते आणि खराटा त्यांच्या पायाशी होता.

वहिनीने गाडी अंगणात थांबवली, पण उतरली नाही.

आबा म्हणाले, "आत लाव. उन्हात तापंल."

एवढंच. मला त्यांच्याकडून अजून पुष्कळ ऐकायचं होतं, वाईच्या वरातीपासूनचं. पण ते मिळणार नव्हतं, आणि मी मागणारी कोण. वहिनीने गाडी आत घेतली, सरळ होईना म्हणून पुन्हा बाहेर काढली, पुन्हा घेतली. वायपरखाली कालच्या पाकळ्या तशाच होत्या.

भाचा पायरीवर मोबाइल घेऊन उभा होता. हळूच म्हणाला, "आई, उद्याचं मी कॅन्सल केलंय. भंगारवाल्याचं."

"बरं केलंस," ती म्हणाली. "सोमवारी पासिंगला न्यायची तिला, सांगलीला. येनार असशील तर ये."

"येतो की. मी चालवतो."

"तू मागं बस," वहिनी म्हणाली. "फुडच्या शिटावर माझी पिशवी असती."